सौरपटलांची स्वच्छता : धूळ, पाणी आणि यंत्रमानव

बीजसंज्ञा : सौरपटल, धूळसंचय, दव, निर्जल स्वच्छता, यंत्रमानव

प्रस्तावना

सौरऊर्जेला इंधन लागत नाही, हे वाक्य आपण वर्गात आणि व्याख्यानांत नेहमी उच्चारतो. ते खरेच आहे. परंतु सौर विद्युत केंद्राला पाणी लागते, ही गोष्ट त्याच ओघात सांगितली जात नाही. कोळशावरील विद्युत केंद्रात पाणी वाफेसाठी आणि शीतनासाठी खर्च होते. सौर केंद्रात ते काचा धुण्यासाठी खर्च होते. दोहोंच्या प्रमाणात मोठे अंतर आहे हे मान्य केले, तरी एक अडचण उरतेच. जेथे ऊन सर्वाधिक, तेथेच धूळ सर्वाधिक आणि पाणी सर्वात दुर्मीळ, असा निसर्गाचा बहुतेक ठिकाणी हिशेब आहे.

राजस्थानातील थरच्या वाळवंटात, फलोदी जिल्ह्यात, भडला येथे सुमारे १४,००० एकर क्षेत्रावर २,२४५ मेगावॅट क्षमतेचे सौर उद्यान उभे आहे. जगातील मोठ्या सौर उद्यानांत त्याची गणना होते. मे २०१७ मध्ये येथील प्रकल्पांसाठी झालेल्या लिलावात विजेचा दर प्रतियुनिट २ रुपये ४४ पैसे इतका खाली आला आणि देशभर त्याची चर्चा झाली. या दराविषयी पुष्कळ लिहिले गेले; त्या दरात वीज देणाऱ्या लक्षावधी काचा रोज पुसणार कोण, कशाने आणि किती खर्चात, याविषयी मात्र फारसे लिहिले गेले नाही. प्रस्तुत लेखात धुळीचा सौरपटलांवर नेमका काय परिणाम होतो, पाण्याविना स्वच्छता करणारे यंत्रमानव कोणत्या तत्त्वावर चालतात आणि ते कोठे उपयोगी पडतात व कोठे पडत नाहीत, याचा विचार केला आहे. या यंत्रांचा खरा लाभ मजूर वाचण्यात नसून धुळीला दव लागण्यापूर्वी ती काढता येण्यात आहे, असे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

धूळ नेमके काय करते?

धूळ प्रकाश अडवते, एवढे उत्तर पुरेसे वाटते. परंतु ते अपुरे आहे. काचेवर बसलेला कण काही प्रकाश शोषून घेतो, काही परत फेकतो आणि काही इतस्ततः विखुरतो. विखुरलेल्या प्रकाशाचा बराच भाग पुढच्याच दिशेने जाऊन घटापर्यंत पोहोचतो. त्यामुळे डोळ्यांना फार मळकट दिसणारे पटल प्रत्यक्षात तेवढी वीज गमावत नाही. उलट जवळपास स्वच्छ भासणाऱ्या पटलावर काजळीचा पातळ थर असेल, तर नुकसान अपेक्षेहून अधिक होते. धुळीच्या वजनापेक्षा तिच्या कणांचा आकार आणि रंग महत्त्वाचा ठरतो. सारख्याच वजनाची धूळ बारीक असेल तर ती अधिक क्षेत्र झाकते.

या विषयाचा अभ्यास वाटतो त्याहून जुना आहे. अमेरिकेत हॉटेल आणि वर्ट्झ या अभ्यासकांनी १९४२ मध्ये बोस्टन येथील सौर उष्णतासंग्राहकांवर बसणाऱ्या धुळीची मोजणी केली होती आणि सरासरी हानी एक टक्क्याच्या आसपास असल्याचे नोंदविले होते. बोस्टनमध्ये पाऊस वर्षभर पडतो. त्यामुळे तेथे हा प्रश्न फारसा गंभीर नव्हता. पुढील कित्येक वर्षे 'धूळ म्हणजे एक-दोन टक्के' हा समज अभियंत्यांच्या मनात टिकून राहिला. वाळवंटात मोठी केंद्रे उभी राहू लागल्यावर तो मागे पडला. आयआयटी गांधीनगर आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. गांधीनगर येथील पटले काही आठवड्यांच्या अंतराने स्वच्छ केली जात होती आणि प्रत्येक स्वच्छतेनंतर त्यांच्या कार्यक्षमतेत सुमारे ५० टक्क्यांची वाढ दिसून आली. काचेवरील थराच्या विश्लेषणात ९२ टक्के भाग मातीच्या धुळीचा, तर उर्वरित ८ टक्के भाग मानवी व्यवहारांतून आलेल्या कार्बनचा व आयनयुक्त प्रदूषकांचा होता. हा ८ टक्क्यांचा भाग वजनाने अल्प असला, तरी प्रकाश अडविण्यात तो त्या प्रमाणाच्या कितीतरी पुढे असतो. शिवाय तो चिकट असतो आणि काचेवरून सहजी सुटत नाही.

जागतिक पातळीवरील अंदाजही उपलब्ध आहे. २०१९ मध्ये 'जूल' या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या एका आर्थिक मूल्यमापनानुसार २०१८ मध्ये धुळीमुळे जगाचे सौरवीज उत्पादन किमान ३ ते ४ टक्क्यांनी घटले आणि महसुलाची हानी ३ ते ५ अब्ज युरोच्या घरात गेली.

येथे विद्युत मंडलाची एक बाब ध्यानात घ्यावी लागते. नेहमीच्या पटलात साठ किंवा बहात्तर घट एकसरीत जोडलेले असतात. एकसरीत सर्वांत दुबळा घट साऱ्या साखळीची विद्युतधारा ठरवितो, हे पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. धूळ मात्र सर्वत्र सारखी बसत नाही. पहाटेचे दव किंवा हलकी सर तिला खाली ओढते आणि ती पटलाच्या खालच्या कडेशी, चौकटीला टेकून साचते. पटल उभे बसविलेले असेल, तर खालच्या ओळीत तिन्ही उपसाखळ्यांचे घट येतात आणि दोन बोटे रुंदीचा मातीचा पट्टा सगळ्या पटलाला वेठीस धरतो. तेच पटल आडवे बसविले तर खालची कड एकाच उपसाखळीच्या वाट्याला येते. तिचा बायपास डायोड धारेला वेगळी वाट करून देतो आणि उरलेल्या दोन उपसाखळ्या चालू राहतात. पक्ष्याची एक विष्ठाही एखादा घट झाकून त्याला तापवू शकते. उत्पादन करण्याऐवजी तो घट इतरांची वीज गिळून उष्णता निर्माण करतो. अशा तप्त बिंदूंमुळे पटल कायमचे निकामी होण्याचा धोका असतो.

दव : दुर्लक्षित घटक

धूळ काचेवर बसते ती गुरुत्वाकर्षणामुळे; पण ती तेथे टिकते ती अन्य बलांमुळे. कोरड्या कणाला व्हान डर वाल्स बल आणि स्थिरविद्युत बल धरून ठेवतात. ही धरून ठेवणारी बले कणाच्या व्यासाच्या प्रमाणात बदलतात, तर त्याला ढकलणारा वारा व्यासाच्या वर्गाच्या आणि त्याचे वजन घनाच्या प्रमाणात. म्हणून वाळूचा जाड कण वाऱ्याबरोबर उडून जातो आणि दहा मायक्रॉनहून बारीक कण मात्र वादळातही काचेला चिकटून राहतो. मंगळावरील 'इनसाइट' यानाच्या पटलांवर धूळ साचून वीज कमी झाली, तेव्हा २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी यानाच्या यांत्रिक हाताने पटलाशेजारी जाड वाळू सोडली. वाऱ्याने उडालेले जाड कण पटलावर आपटत गेले आणि जाताना बारीक धूळ घेऊन गेले. दिवसाकाठी सुमारे ३० वॉट-तास इतकी ऊर्जा त्यामुळे परत मिळाली. उपाय नामी होता, तरी पुरेसा नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये विजेअभावी ते यान बंद पडले.

पृथ्वीवर याच्या जोडीला पाणी असते, आणि तेच अधिक त्रास देते. निरभ्र रात्री काचेचे पटल आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून सभोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होते. त्यामुळे वाळवंटातही पहाटेच्या सुमारास पटलावर दव धरते. दवाचा थेंब कण आणि काच यांच्या मधल्या फटीत शिरतो आणि केशिका बलाने कणाला काचेकडे ओढतो. धुळीतील विद्राव्य क्षार त्या थेंबात विरघळतात. सूर्य वर आला की पाणी उडून जाते आणि क्षार कण व काच यांच्यामध्ये स्फटिकरूपाने मागे राहतात. हा चक्क सिमेंटचा सांधा असतो. कतारमधील नमुन्यांवर झालेल्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासांत अशा कणांना काचेशी बांधणारी सुईसारखी खनिजरचना आढळलेली आहे. एका रात्री बनलेला सांधा दुर्बल असतो. आठ-दहा रात्रींनंतर तोच इतका पक्का होतो की कोरड्या फडक्याने तो सुटत नाही, पाणी आणि घासणे दोन्ही लागतात.

यावरून स्वच्छतेच्या बाबतीत एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. धूळ किती आहे, यापेक्षा ती काचेवर किती रात्री राहिली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. महिन्यातून दोनदा धुण्याच्या पद्धतीत धुळीला सिमेंट होण्यास पंधरा रात्री मिळतात. मग पाण्याला पर्याय उरत नाही. धूळ रोज काढली, तर मात्र पाण्याची गरज बहुतांश संपते.

पाण्याचा हिशेब

एक मेगावॅटसाठी ५४० वॉटची सुमारे १,८५० पटले लागतात. एका पटलाला एका धुण्यास दोन लिटर पाणी धरले, तर एका वेळेस ३,७०० लिटर लागेल. महिन्यातून दोनदा धुतल्यास वर्षाला सुमारे ८९,००० लिटर. हा आकडा एका मेगावॅटसाठी किरकोळ वाटतो. त्याला भडल्याच्या २,२४५ मेगावॅटने गुणले की तो २० कोटी लिटरच्या जवळ जातो. जलजीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटर या निकषाने एवढ्या पाण्यात सुमारे दहा हजार लोकांची वर्षभराची गरज भागते. हा हिशेब ढोबळ आहे. भडल्यातील जुनी पटले कमी वॉटची असल्याने त्यांची संख्या प्रत्यक्षात अधिकच भरेल, तर ज्या केंद्रांनी निर्जल पद्धत स्वीकारली तेथे पाणी कमी लागेल. आकड्याची जात समजावी एवढाच येथे हेतू आहे. त्या भागाची तहान इंदिरा गांधी कालव्यावर अवलंबून आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगभरात सौरपटले धुण्यासाठी वर्षाला १० अब्ज गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे ३,८०० कोटी लिटर पाणी खर्च होते.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याच्या गुणवत्तेचा प्रश्न आहे. विंधनविहिरीचे जड पाणी काचेवर वाळले की कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचे पांढरट डाग राहतात. ज्या महाविद्यालयांच्या छतांवर सौरसंच आहेत तेथील सहकाऱ्यांनी हे डाग पाहिलेच असतील. आमच्या छतावरील पटले शिपाईमामा मोठ्या निष्ठेने दर रविवारी विंधनविहिरीच्या पाण्याने धूत असत आणि वर्षभरातच काचांच्या खालच्या भागावर न निघणारा दुधी पट्टा तयार झाला. धूळ काढण्याच्या नादात आपणच त्यावर चुना लावत होतो, हे आम्हा पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांच्या ध्यानात उशिरा आले, ही कबुली देणे प्राप्त आहे. तसेच भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतल्यास अकस्मात आकुंचनाने काचेवर ताण येतो. म्हणून धुण्याचे काम पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करणे श्रेयस्कर असते.

यंत्रमानवाची रचना व कार्यपद्धती

'यंत्रमानव' हा शब्द येथे थोडा फसवा आहे. या यंत्राला मानवी आकार नसतो, हात नसतात, आणि बहुतेकांना विशेष बुद्धीही नसते. पटलांच्या रांगेच्या उंचीएवढी लांब ॲल्युमिनियमची एक हलकी चौकट, तिला वरच्या आणि खालच्या टोकाशी पटलांच्या कडांवरून धावणारी चाके, मध्ये सूक्ष्मतंतूंच्या कापडाचा किंवा मऊ केसांचा फिरता ब्रश, एक छोटी मोटर, बॅटरी आणि ती भरण्यासाठी यंत्राच्याच पाठीवर बसविलेले लहानसे सौरपटल, एवढीच त्याची साधनसामग्री. रांगेच्या टोकाशी एक थांबा असतो. दिवसभर यंत्र तेथे उभे राहते, म्हणजे त्याची सावली पटलांवर पडत नाही. ठरलेल्या वेळी ते निघते, रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि परत येते.

या तंत्राचा सर्वात परिचित प्रारंभिक प्रयोग इस्रायलच्या दक्षिणेकडील अरावा खोऱ्यात, केतुरा या किबुत्झजवळ झाला. येथील ४.९५ मेगावॅटचे सौरक्षेत्र २०११ मध्ये सुरू झाले होते. पाऊस नगण्य, वाळूची वादळे नित्याची आणि पाणी महाग, अशी तेथील परिस्थिती. २०१४ मध्ये या क्षेत्रावर एकोपिया या कंपनीचे जवळपास शंभर यंत्रमानव बसविण्यात आले. पाण्याचा थेंबही न वापरता, सूक्ष्मतंतूंचा फिरता ब्रश आणि त्याने निर्माण होणारा हवेचा झोत यांच्या साहाय्याने ते धूळ उतारावरून खाली ढकलत नेत. ब्रश नेहमी वरून खाली काम करतो, कारण गुरुत्वाकर्षणाची फुकटची मदत घेणे शहाणपणाचे असते. याच सुमारास सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातही 'नोमॅड' नावाचे निर्जल स्वच्छतायंत्र विकसित झाले. पुढे भारतातही ही यंत्रे राजस्थानच्या सौर उद्यानांत पोहोचली, आणि कच्छमधील खावडा येथे उभारल्या जात असलेल्या अदानी समूहाच्या महाप्रकल्पात निर्जल यंत्रमानवांची योजना प्रकल्पाचा भाग म्हणूनच करण्यात आली.

ही यंत्रे अंधार पडल्यावर चालवितात याचे एक कारण उघड आहे. दिवसा ब्रशची सावली उत्पादन घटविते. दुसरे कारण अधिक मूलगामी असून ते मागील विवेचनाशी जोडलेले आहे. सूर्यास्तानंतरचे पहिले काही तास म्हणजे धूळ बसलेली आहे पण दव पडलेले नाही, अशी संधी असते. या वेळेत कोरड्या ब्रशने कण सुटतात. तेच काम पहाटे चार वाजता केले, तर ओल्या काचेवर धुळीचा चिखल होऊन तो सर्वत्र सारवला जातो आणि पटल आधीपेक्षा अधिक मलिन होते. म्हणून या यंत्रणेला हवामानकेंद्र जोडलेले असते. आर्द्रता मर्यादेपलीकडे गेली, वारा वाढला किंवा पाऊस आला, तर यंत्र थांब्यावरून हलत नाही. समुद्रकिनाऱ्यालगतच्या प्रदेशात ही कोरडी संधी वर्षातील अनेक रात्री मिळतच नाही. तेथे केवळ कोरड्या ब्रशवर विसंबणे धोक्याचे आहे.

रोज घासल्याने काच झिजत नाही काय, हा प्रश्न कोणाच्याही मनात यावा असा आहे. काच तशी कठीण असते. चिंता असते ती तिच्यावरील प्रतिपरावर्तक लेपाची. साधी काच समोरील पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. हा प्रकाश वाचविण्यासाठी सच्छिद्र सिलिकाचा अतिशय पातळ, साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा लेप दिलेला असतो आणि त्यामुळे उत्पादनात दोन-तीन टक्क्यांची भर पडते. कडक ब्रश आणि त्याखाली सापडलेले क्वार्ट्झचे तीक्ष्ण कण मिळून हा लेप काही वर्षांत खरवडून काढू शकतात. तसे झाले, तर धुळीचे तीन टक्के वाचविताना लेपाचे तीन टक्के कायमचे गमावले, असा व्यवहार होईल. ब्रशाच्या केसांचा मऊपणा, काचेवरील दाब आणि अडकलेले कण झटकण्याची व्यवस्था या बाबी त्यामुळे किमतीइतक्याच निर्णायक आहेत. पृष्ठभागाच्या घर्षणचाचणीसाठी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाचे स्वतंत्र मानकही आता उपलब्ध आहे. खरेदीदाराने पटलाच्या उत्पादकाकडून त्या विशिष्ट यंत्रासाठी लेखी संमती घ्यावी. अन्यथा पटलाची हमी बाद ठरण्याचा संभव असतो.

अडचणी आणखीही आहेत. जमीन सपाट नसते. रांगांमध्ये खंड असतात. ते सांधण्यासाठी पूल टाकावे लागतात आणि एखादे पटल दोन बोटे वर आले तरी चाक अडते. रांगेच्या मध्येच बंद पडलेले यंत्र सकाळी स्वतःच सावली टाकून उभे राहते, म्हणजे ज्या तप्त बिंदूच्या भयाने ते आणले, तोच ते निर्माण करते. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा कोरडा ब्रश काढू शकत नाही. ती पसरविण्याचे काम मात्र करतो. सूर्याबरोबर फिरणाऱ्या ट्रॅकरवरील पटलांना रात्री विशिष्ट कोनात आणून मगच यंत्र सोडावे लागते. या साऱ्यांवर उपाय आहेत, परंतु प्रत्येक उपायाला देखभाल करणारा प्रशिक्षित माणूस लागतो. ज्या केंद्रांत यंत्रे आणून देखभालीचे कंत्राट स्वस्तात उरकले जाते, तेथे काही वर्षांतच ती थांब्यावर धूळ खात उभी राहणार, हे वेगळे सांगावयास नको.

ब्रशाविना धूळ काढण्याचे प्रयत्नही चालू आहेत. एमआयटीच्या वर उल्लेखिलेल्या संशोधकांनी २०२२ मध्ये पटलावरून एक विद्युतअग्र सरकवून धुळीच्या कणांना भारित करण्याची व नंतर अपसारणाने उडवून लावण्याची पद्धत प्रयोगशाळेत दाखविली. काचेला स्पर्शच नसल्याने झिजेचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. या पद्धतीला हवेत थोडी आर्द्रता असणेच सोयीचे पडते, ही तिची गंमत आहे.

अर्थकारण आणि श्रम

राजस्थानसारख्या प्रदेशात एक मेगावॅट क्षमतेपासून वर्षाला १७ लाख युनिट मिळतात असे धरू. २ रुपये ४४ पैसे दराने त्यांचे मूल्य सुमारे ४१ लाख रुपये होते, म्हणजे एक टक्का हानीची किंमत मेगावॅटमागे ४१ हजार रुपये. शंभर मेगावॅटच्या केंद्रात हाच एक टक्का वर्षाला ४१ लाखांचा होतो. इतक्या खालच्या दराने वीज विकणाऱ्या उद्योगाला चार-पाच टक्के धुळीत घालविणे परवडत नाही. लांबच लांब, एकसारख्या रांगा असतील तर एकेका यंत्राच्या वाट्याला पुष्कळ पटले येतात आणि खर्च विभागला जातो. मोठ्या वाळवंटी केंद्रांत यंत्रमानव लाभदायक ठरतो तो या गणितामुळे.

आता महाविद्यालयाच्या छतावरील २० किलोवॅटचा संच घेऊ. महाराष्ट्रात त्यापासून वर्षाला साधारण २८ हजार युनिट मिळतील. त्यांपैकी कोरड्या आठ महिन्यांतील सुमारे २० हजार. धुळीने पाच टक्के हानी होते असे मानले तर १,००० युनिट, युनिटला दहा रुपये धरल्यास दहा हजार रुपये. एवढ्यासाठी यंत्रमानव घेणे म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणे होय. छतांवर रांगा तुटक असतात, मध्ये टाक्या व कठडे येतात, आणि यंत्र एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर उचलून ठेवण्यास माणूस लागतोच. तो माणूस मऊ वायपर आणि बादलीभर मृदू पाणी घेऊन तेच काम अधिक चांगले करील.

श्रमाच्या बाजूचा विचार अर्थकारणाच्या लेखांत सहसा गाळला जातो. मोठे सौर उद्यान उभे राहते तेव्हा गुरे चारण्याची मोकळी जमीन कुंपणाआड जाते. उभारणीचे काम संपल्यावर आसपासच्या गावकऱ्यांच्या वाट्याला जी कामे उरतात, ती बहुधा पटले धुणे, गवत काढणे आणि राखण करणे हीच असतात. यंत्रमानव आला की यांतील पहिले जाते. हे काम सुखाचे नाही. वाळवंटाच्या उन्हात किंवा रात्री दिव्याच्या उजेडात लोखंडी सांगाड्यांमधून पाण्याची नळी ओढत मैलोगणती चालावे लागते. ते यंत्राकडे जावे यात वाईट काही नाही. प्रश्न असा की यंत्राची देखभाल करणारे तरुण त्याच गावांतून, प्रशिक्षण देऊन, घेतले जातात की बाहेरून आणले जातात. याचे उत्तर तंत्रज्ञानात नाही. ते जमिनीच्या करारात आधीच लिहून घ्यावे लागते. वाचलेले पाणी आणि गेलेला रोजगार ही दोन्ही एकाच गावाच्या हिशेबात असतात, आणि केंद्राच्या ताळेबंदात त्यांपैकी एकही दिसत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात

आपल्या राज्यातील परिस्थिती थरहून निराळी आहे. जून ते सप्टेंबर या काळात जोराचा पाऊस पटले धुऊन काढतो. हलकी सर मात्र धूळ काढण्याऐवजी तिचे ओघळ करून ठेवते. ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत धूळ साचत राहते. तिचे स्वरूप जागोजाग बदलते. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात २०१३ मध्ये कार्यान्वित झालेल्या महानिर्मितीच्या १२५ मेगावॅट केंद्रासारख्या कोरड्या पठारी भागात ती मुख्यतः मातीची असते. ऊसपट्ट्यात गळीत हंगामात धुराड्यांतून येणारी चिपाडाची राख आणि पाचट जाळल्याची काजळी तिच्यात मिसळते. ही काजळी बारीक, काळी आणि चिकट असल्याने गांधीनगरच्या अभ्यासातील ८ टक्क्यांची आठवण येथे ठेवावी. खडी केंद्रे आणि वीटभट्ट्या यांच्या शेजारी आणखी वेगळा प्रकार असतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली उपकेंद्रांलगत विखुरलेले काही मेगावॅटचे प्रकल्प उभे राहत आहेत. हे आकारमान मधले आहे. प्रत्येक रांगेला स्वतंत्र यंत्र येथे परवडणार नाही. एकच यंत्र गाड्यावरून रांगेरांगेस नेणे किंवा ट्रॅक्टरला जोडलेला ब्रश वापरणे, या पद्धती अधिक व्यवहार्य वाटतात. ट्रॅक्टर गावात असतोच आणि तो चालविणाराही. सौर कृषीपंपधारक शेतकऱ्याच्या बाबतीत तर पाणी पटलाच्या पायथ्याशीच उपलब्ध असते. त्याला यंत्राची आवश्यकता नाही. ते पाणी जड असल्यास धुतल्यावर काच लगेच पुसून कोरडी करावी, एवढी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचावयास हवी.

कोणतीही पद्धत निवडण्यापूर्वी स्थानिक हानी मोजणे आवश्यक आहे, आणि हे मोजमाप महाविद्यालयीन स्तरावर सहज करता येते. बहुतेक इन्व्हर्टरना दोन किंवा अधिक स्वतंत्र साखळ्या जोडता येतात. समान संख्येच्या, एकाच दिशेच्या, सावली न येणाऱ्या दोन साखळ्या निवडाव्यात. प्रथम दोन्ही स्वच्छ करून आठवडाभर त्यांच्या रोजच्या युनिटची नोंद घ्यावी, म्हणजे त्यांच्यातील मूळचा फरक कळेल. त्यानंतर एक साखळी दर दोन-तीन दिवसांनी पुसावी आणि दुसरीला हात लावू नये. दोहोंच्या उत्पादनाचे गुणोत्तर ऑक्टोबरपासून दर आठवड्यास आलेखावर मांडावे. पहाटे दव पडले होते की नाही, ही नोंदही सोबत ठेवावी. तिला उपकरण लागत नाही, काचेवर बोट फिरविले की कळते. कारखान्याचा हंगाम केव्हा सुरू झाला, अवकाळी पाऊस केव्हा आला, हेही टिपून ठेवावे आणि जूनमधील पहिल्या मोठ्या पावसापर्यंत नोंदी चालू ठेवाव्यात. आमच्या विभागात चालू वर्षी तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे हा प्रकल्प सोपविला आहे. दुधी पट्टा आलेली पटले त्यांनी मोजमापातून वगळली आहेत.